खुडाल तितके फुलेल!

नवरात्र जवळ आले, की आपल्या घराघरांतून एकच धांदल उडते. पांघरुणे धुवायची, डबे घासायचे, घटासाठी शेतातली माती आणायची, पेरायला धान्य निवडायचे. अशा वेळी मी तुम्हाला आणखी एक काम सांगणार आहे. रागावू नका बरं का! काम फार तर अर्ध्या तासाचे आहे. घट बसवाल त्या सुमारास एका खोल कुंडीत पाच बिया टोकायच्या, इतकेच. घटातले धान्य नऊ दिवसांत वर येते आणि दसऱ्याला आपण ते डोक्यात खोवतो. या पाच बिया मात्र नाताळापासून पुढे सात-आठ आठवडे तुमच्या घरात सुगंध भरतील.

या बिया आहेत स्वीट पीच्या.

“छे गं! असली विलायती फुलं आमच्या बारामतीच्या उन्हात कुठली यायला?” असे मला कितीतरी जणींनी ऐकवले आहे. मीही तेच म्हणत होते. मी काही बागकामातली तज्ज्ञ नव्हे. घर सांभाळून आठवड्यातले काही तास एका शाळेत मराठी शिकवते. बाग म्हणावी, तर दुसऱ्या मजल्यावरची आठ फूट लांब, तीन फूट रुंद गॅलरी. त्यातही अर्धी जागा कपडे वाळत घालायला आणि सासूबाईंच्या तुळशीला. पण तीन हिवाळे मी या फुलाच्या मागे लागले. पहिल्या वर्षी फजिती झाली, दुसऱ्या वर्षी जिवाचे पाणी पाणी झाले आणि तिसऱ्या वर्षी घर फुलांनी भरले. माझ्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत, म्हणून हा लेख.

नाव गोड, पण वासापुरते

आधी ओळख करून घेऊ. स्वीट पी हा आपल्या वाटाण्याच्या कुळातला वेल. पाने, तणावे, फुलांचा आकार सगळे तसेच. फुले गुलाबी, जांभळी, पांढरी, लाल, निळसर, दुरंगी अशी असतात. अस्सल पिवळा रंग तेवढा त्यात नाही. एका देठावर तीन-चार फुले लागतात आणि त्यांना मंद, मधासारखा वास येतो. नावातला ‘स्वीट’ हा शब्द या वासासाठी आहे, चवीसाठी नाही. याच्या शेंगा आणि बिया विषारी असतात, त्या खायच्या नसतात. हे वाक्य आत्ताच मनात पक्के करा. ते मी वेळेवर सांगितले नाही म्हणून काय झाले, ते पुढे सांगतेच.

हा वेल मूळचा इटलीच्या दक्षिणेकडचा, सिसिली बेटावरचा. फ्रान्सिस्को कुपानी नावाच्या तिथल्या एका ख्रिस्ती साधूने १६९९ साली त्याचे बी इंग्लंडमधल्या रॉबर्ट युवेडेल या शाळामास्तरांना पाठवले, असे सांगतात. (मास्तरांना झाडांचा नाद असतो, हे तेव्हापासूनचेच म्हणायचे!) पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री एकफर्ड या स्कॉटिश माळ्याने मोठ्या फुलांच्या अनेक जाती तयार केल्या आणि इंग्रजांना या फुलाचे वेडच लागले. १९११ साली ‘डेली मेल’ या वर्तमानपत्राने स्वीट पीच्या सर्वोत्तम गुच्छासाठी एक हजार पौंडांचे बक्षीस लावले. देशभरातून हजारो गुच्छ आले. पहिले बक्षीस कुणाला मिळाले असेल? स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाच्या पत्नीला, श्रीमती फ्रेझर यांना. आणि तिसरे मिळाले त्यांच्या यजमानांना! त्या रात्री जेवताना त्या घरात काय बोलणे झाले असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. तिथेच मी ही फुले पहिल्यांदा जवळून पाहिली. वास घेतला आणि घरी येताना गाडीत ह्यांना म्हटले, “पुढच्या वर्षी आपल्या गॅलरीत.” हे नुसते हसले.

पहिल्या वर्षीची फजिती

इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या चुलतबहिणीने हौसेने बियांचे पाकीट पाठवले. पाकिटावरचे चित्र असे, की पाहत राहावे! झालरीसारख्या लाटालाटांच्या पाकळ्या. बी रुजले, वेल माझ्या डोक्याच्या वर गेला, पाने हिरवीगार. पण नाताळ गेला, संक्रांत गेली, कळीचा पत्ता नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर पहिल्या कळ्या दिसल्या आणि आठवड्यात ऊन तापले. कळ्या पिवळ्या पडून गळून गेल्या. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्यात दोडका लावला असतास, तर चार भाज्या झाल्या असत्या.” काय बोलणार!

कारण नंतर वाचून कळले. स्वीट पीला कधी फुलायचे, हे दिवसाच्या लांबीवरून समजते. मोठ्या, झालरीच्या फुलांच्या ‘स्पेन्सर’ प्रकारच्या जातींना रोज साधारण बारा तासांचा दिवस लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. तो बारा तासांवर येईपर्यंत मार्च उजाडतो आणि तोवर आपली थंडी संपलेली असते. दिल्लीकडे थंडी रेंगाळते, म्हणून तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये ही फुले निवांत फुलतात. बारामती-इंदापूरला ती चैन नाही.

तेव्हा बी घेताना ‘लवकर फुलणारी’, म्हणजे लहान दिवसांत फुलणारी जात मागून घ्या. ‘विंटर एलिगन्स’, ‘मॅमथ’, ‘कथबर्टसन’ ही अशा जातींची नावे. दहा-अकरा तासांच्या दिवसात त्या फुलतात. गॅलरी लहान असेल, तर गुडघाभर वाढणाऱ्या बुटक्या जातीही मिळतात. पण त्यांतही लवकर फुलणारी कोणती, ते विचारूनच घ्या. पाकिटावर नुसते ‘मिश्र रंग’ लिहिलेले असेल, तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारायला लाजू नका. साडी घेताना आपण वीस विचारतो!

डबा खोल हवा

स्वीट पीची मुळे खाली खोल जातात. म्हणून कुंडी किती देखणी आहे यापेक्षा ती किती खोल आहे, ते पाहा. निदान बारा इंच खोली हवी. आपल्या घरातला तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा याला फार छान. त्यात तीन वेल सुखाने राहतात. रंगाची २० लिटरची बादलीही चालते, त्यात चार-पाच वेल लावा. तळाला करंगळी जाईल एवढी पाच-सहा भोके पाडा आणि डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी तुंबणार नाही. पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि मुळांना चटका बसतो. त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

आता माती. आपल्या भागातली काळी माती म्हणजे आपला अभिमान. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर तिच्यात ऊस कसा पोसतो, ते आपण पाहतोच. पण हीच माती नुसती डब्यात भरली, की ओली असताना चिखल आणि वाळली की दगड! मुळांना हवाच मिळत नाही. म्हणून दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा असे मिश्रण करा. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळा. ताजे शेण मात्र अजिबात घालू नका. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात.

जागा अशी निवडा, की सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल. पूर्वेची गॅलरी उत्तम. पश्चिमेची असेल, तर फेब्रुवारीत दुपारी जुनी सुती साडी आडवी बांधा.

बी टोकताना

आपल्याकडे पेरणीची खरी वेळ १ ते १५ ऑक्टोबर. सप्टेंबरात पेरले, तर परतीच्या पावसात बी कुजते. दिवाळीनंतर पेरले, तर फुलांना थंडीचे दिवसच थोडे उरतात. हौस असेल, तर निम्म्या बिया पंधरा दिवसांनी पेरा, म्हणजे फुलांचा हंगाम लांबतो.

बियांचे कवच टणक असते. रात्री त्या कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी ज्या फुगल्या असतील, त्या पेरायला घ्या. ज्या तशाच टणक राहतील, त्यांना डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने अगदी बारीकसा छेद द्या आणि पुन्हा चार तास भिजवा. या वेळी मुले जवळ असतील, तर वाटी उचलून ठेवा. भिजवलेल्या कडधान्यासारख्याच दिसतात त्या.

आता शेतकऱ्यांच्या घरची एक युक्ती. वाटाणा-हरभऱ्यासारख्या पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. आपले शेतकरी पेरणीपूर्वी बियांना हे जिवाणू गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात. त्याचे पाकीट कृषी सेवा केंद्रात मिळते. मात्र हरभऱ्याचे वेगळे आणि वाटाण्याचे वेगळे असते. आपण वाटाण्याचे मागायचे. बिया सावलीत सुकवून लगेच पेरायच्या. हे केले नाही, तरी वेल येतो; केले, तर जास्त तरारतो.

बी एक इंच खोल टोका. वर पाणी हलकेच शिंपडा. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. तोवर उंदीर आणि कबुतरे यांच्यापासून सांभाळा. मी डब्यावर जुनी भाजीची जाळी पालथी घालते.

शेंडा खुडायला धीर धरा

रोपे बोटभर उंच झाली, तीन पानांच्या जोड्या दिसल्या, की शेंडा खुडून टाका. जिवावर येते, मला माहीत आहे! इतक्या दिवसांनी वर आलेले रोप आपल्याच हाताने खुडायचे! पण असे केले, की खालून दोन-तीन फांद्या फुटतात आणि फुले दुप्पट होतात. न खुडलेला वेल एकटाच उंच जातो आणि थोडकीच फुले देतो.

मग आधार. स्वीट पीचे तणावे नाजूक. गॅलरीचे जाड गज त्यांना पकडता येत नाहीत. मी शेतातून आणलेल्या तुराट्या वापरते. पाच-सहा तुराट्या डब्याच्या कडेने खोचून वर सुतळीने एकत्र बांधल्या, की झाला मांडव! सुतळी आडवी-उभी गुंडाळली, तर उत्तमच. सुरुवातीला वेल सुटून लोंबतो. त्याला दोऱ्याने सैल बांधा.

डब्यातल्या मातीवर उसाचे वाळलेले पाचट चार बोटे पसरा. आपल्याकडे त्याला काय तोटा? त्याने माती थंड राहते आणि पाणी कमी लागते.

पाणी द्यायचे, पण कोणते?

हा प्रश्न आपल्या भागात महत्त्वाचा. बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. कुंडीच्या कडेला पांढरे लोणे चढते, ते हेच. स्वीट पीला ते सोसत नाही. पानांच्या कडा करपतात. आणि आणखी एक. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी नळीने बाहेर येते, ते वाया जाऊ नये म्हणून आपण काटकसरीने झाडांना घालतो. मीही घालत असे. पण यंत्राने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात! ते फरशी पुसायला वापरा, कुंडीला नको. कुंडीला नगरपालिकेच्या नळाचे पाणी, तांदूळ-डाळ धुतलेले बिनमिठाचे पाणी द्या. बोअरशिवाय इलाजच नसेल, तर पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी घालून ते तळातून निथळू द्या, म्हणजे साठलेले क्षार वाहून जातात.

रोज सकाळी मातीत बोट खुपसून पाहा. दोन पेरांपर्यंत कोरडे लागले, तरच पाणी. एक दिवस तळे आणि तीन दिवस दुष्काळ असे केलेत, तर कळ्या गळतात. रोपे लहान असताना तर जास्त पाण्याने मर लागते. रोप बुडाशी काळे पडून आडवे होते.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. युरिया तर नकोच. त्याने नुसता पाला माजतो. कळ्या दिसू लागल्या, की दर दहा-बारा दिवसांनी पोटॅशचे विद्राव्य खत (शेतकरी ज्याला ‘झिरो झिरो पन्नास’ म्हणतात, ते) एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा, एवढेच द्या.

इंदापूरच्या गच्चीवर

आता ती गोष्ट. माझे माहेर इंदापूरचे, बारामतीहून दीड तासाच्या एस.टी.वर. बाबा गेल्यापासून आईने गच्चीवर जाणे सोडले होते. बाबांची संध्याकाळची खुर्ची गच्चीतच असायची ना! दुसऱ्या वर्षी मी योग्य जातीचे बी आणले, तेव्हा दोन डबे आईकडे नेऊन ठेवले. मुद्दाम गच्चीवर. पाणी घालायच्या निमित्ताने तरी ती जिना चढेल, हा हेतू.

आणि ती चढू लागली. फोनवर रोज वेलाची खबर. “आज चार तणावे धरले.” “आज कळी दिसली.” जानेवारीत तिचा वेल माझ्यापेक्षा आधी फुलला. मी सांगितले, “आई, फुलं खुडत जा.” ती म्हणे, “उगाच कशाला तोडू? पूजेला कुणी वाहत नाही, वेणीत टिकत नाहीत. वेलावरच छान दिसतात.” मीही हसून सोडून दिले. तीच माझी चूक.

स्वीट पीची सगळी धडपड बी धरण्यासाठी असते. फूल वेलावरच राहिले, की त्याची शेंग होते. शेंगा भरू लागल्या, की वेलाला वाटते, आपले काम झाले. मग तो नवी कळी धरत नाही. फुले खुडत राहिले, तर बिचारा पुन्हा पुन्हा फुलत राहतो. आईचा वेल पंधरा दिवसांत फुलायचा थांबला. पण आईला त्याचे दुःख नव्हते. तिने आनंदाने फोन केला, “अगं, तुझ्या वेलाला शेंगा लागल्या, वाटाण्यासारख्या!” मी वर्गावर निघाले होते. “हो का? बरं, रविवारी येते,” म्हणून फोन ठेवला. शेंगा खायच्या नसतात, हे मी तिला कधी सांगितलेच नव्हते. वाचले होते, पण सांगायचे राहून गेले.

रविवारी गेले. ओट्यावर ताटलीत सोललेले हिरवे दाणे. शेजारी भाताचे पातेले. “पुलावात घालते आज तुझे वाटाणे.” माझ्या पायाखालची जमीन सरकली. “आई, कुणी खाल्ले तर नाहीत ना?” तेवढ्यात माझा सहा वर्षांचा भाचा जिन्यावरून उतरला. हातात सालपटे. हिवाळाभर शेतात हरभऱ्याचे घाटे खाल्लेले पोर ते. त्याला काय ठाऊक? “आत्या, गोड नाहीत गं तुझ्या शेंगा,” म्हणाला.

भावाने गाडी काढली. मी वेलाचा तुकडा आणि शेंगा पिशवीत घेतल्या. डॉक्टरांनी त्या पाहिल्या, किती खाल्ल्या ते विचारले. चार-पाच दाणे होते. थोडे खाल्ले, तर सहसा पोटदुखी-मळमळीपलीकडे काही होत नाही, पण लक्ष ठेवा, असे ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत पोराचे पोट दुखले, रात्री शांत झोपला. देवाची कृपा! आई मात्र रात्रभर त्याच्या उशाशी बसून होती. “मीच त्याला म्हटलं होतं, वाटाणाच आहे तो,” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यानंतर ती पुन्हा गच्चीवर जाईनाशी झाली.

मैत्रिणींनो, दोष तिचा नव्हता, माझा होता. बी दिले, माती दिली, डबा दिला. सर्वांत गरजेचे वाक्य दिले नाही. म्हणून तुम्हाला ते सविस्तर सांगते. स्वीट पीच्या बिया बऱ्याच प्रमाणात किंवा बरेच दिवस पोटात गेल्या, तर हाडे आणि शरीराला सांधून धरणारे तंतू यांच्यावर परिणाम करतात, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. याच्याच जातभाईची, म्हणजे लाखेची किंवा लाखोळी डाळ विदर्भात ठाऊक आहे. महिनोन्‌महिने तीच खाल्ल्याने दुष्काळात माणसांचे पाय लुळे पडल्याचे दाखले आहेत. म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली गेली होती. दोन्हींतले विष वेगळे. पण शहाणपण एकच. दिसायला वाटाणा, म्हणून खायला वाटाणा नव्हे. मुलाने खाल्लेच, तर घरी मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. वेल आणि शेंग घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा.

कीड आणि रोग

डिसेंबर-जानेवारीत पानांवर पिठासारखी भुरी येते. वेल दाट असेल, तर खालची पाने काढून हवा खेळती करा. एक वाटी दूध नऊ वाट्या पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा सकाळी फवारा. फार वाढली, तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम. तेही कडक उन्हात नको. शेंड्यांवर हिरवा मावा दिसला, तर आधी बोटांनी पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून फवारा. पानांवर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी. ती पाने तोडून टाका. फेब्रुवारीच्या अखेरीस लाल कोळी आला, पाने धुरकट झाली, की औषधाच्या मागे लागू नका. पाहुण्याची निघायची वेळ झाली, असे समजा.

आणि तिसरे वर्ष

गेल्या ऑक्टोबरात मी आईकडे पुन्हा डबे नेले. ती नको म्हणाली. “पोरांच्या घरात विषाची परीक्षा कशाला?” मी म्हटले, “आई, कण्हेर आहेच ना दारात? आपण मुलांना सांगितलंय, म्हणून ती निर्धास्त आहे. याचंही तसंच. फक्त रोज सकाळी फुलं खुडायची. शेंगच धरली नाही, तर भीती कसली?” तिने दोन दिवस विचार केला आणि कात्री मागितली.

तिन्हीसांजेला फूल तोडू नये, असे आपण मानतो. इथे ते सोयीचेच आहे. सकाळी दवात वास सर्वांत छान असतो आणि देठ पाण्याने भरलेले असतात. देठावरची खालची दोन फुले उमलली आणि वरची कळी अजून मिटलेली असली, की देठ बुडाशी कात्रीने कापा. ओढू नका, वेल उपटतो. लगेच पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. चार-पाच दिवस सहज टिकतात. आणि दिसेल ती शेंग, अगदी टाचणीएवढी असली, तरी काढून टाका.

आईच्या दोन डब्यांनी नाताळापासून महाशिवरात्रीच्या सुमारापर्यंत फुले दिली. रोज एवढी, की ठेवायची कुठे हा प्रश्न! शेजारी, दवाखान्यात, भाच्याच्या बाईंना, सगळीकडे गुच्छ गेले. भाचाच आता गल्लीतल्या पोरांना दटावतो, “ते वाटाणे नाहीत. फुलं बघा, शेंगा खायच्या नाहीत.” आणि स्टीलच्या पेल्यातली चार फुले रोज बाबांच्या फोटोपुढे असत.

बी धरायचेच असेल, तर फेब्रुवारीत मुलांचा हात पोचणार नाही असा एकच वेल राखून ठेवा. शेंगा बदामी रंगाच्या झाल्या, की तडकण्याआधी काढून वाळवा. बाटलीत भरून वर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: “फुलांचे बी. खायचे नाही.” बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका, कपाटात ठेवा.

आता वर्षाचे वेळापत्रक कापून फ्रिजवर लावा:

ऑक्टोबर १ ते १५ : बी भिजवून टोकणे.
ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर : शेंडा खुडणे, तुराट्यांचा आधार.
डिसेंबर : कळ्या, पोटॅश, भुरीवर लक्ष.
जानेवारी-फेब्रुवारी : रोज सकाळी फुले खुडणे, शेंग न धरू देणे.
मार्च : वेल बुडाशी कापणे, मुळे डब्यातच राहू देणे. त्यांतल्या गाठींतला नत्र पुढच्या भाजीला मिळतो.

मार्चमध्ये मी त्याच डब्यात दोडका लावला. सासूबाईंनी त्याच्या तीन भाज्या केल्या आणि परवा आपण होऊन विचारले, “का गं, तुझ्या त्या वासाच्या फुलांचं बी भिजत घातलंस का?”

तुम्हीही घालाच. फक्त घरातल्या प्रत्येकाला, अगदी कामाच्या मावशींनासुद्धा, ते एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगा.